शुद्धतेचे मूळ विवेकात

ख्रिस्ती धर्माच्या शुद्धतेच्या शिकवणीवर बोलणारे दोन पक्ष कायम दिसतात. पहिला म्हणतो, ही देवाची आज्ञा आहे, ती पाळायची; का आणि कशासाठी विचारत बसलात की पाय घसरलाच म्हणून समजा. दुसरा म्हणतो, ही सगळी भीती घालून माणसाच्या, त्यातही बाईच्या, शरीरावर ताबा ठेवण्याची व्यवस्था आहे. माणूस विचार करायला लागला की ती आपोआप गळून पडते. दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक, पण शुद्धता आणि चिकित्सक विचार एका घरात नांदू शकत नाहीत, हे दोघांनाही सारखेच मान्य आहे. मला हे एकमत उथळ वाटते. माझे म्हणणे असे की ही शिकवण वाद घालत, शंका घेत, एकमेकांना खोडून काढत घडली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, माणसाने शुद्ध का राहावे याचे जे उत्तर या परंपरेने दिले, त्यात बुद्धी निर्मळ राहावी हे एक मुख्य कारण आहे. म्हणून प्रश्न बंद करून शुद्धता शिकवणारा माणूस स्वतःच शिकवत असलेल्या गोष्टीचे मूळ तोडत असतो.

आधी शब्दांचा घोळ

मराठीत या विषयावर लिहिताना शब्दच आडवे येतात. चॅस्टिटी या एका कल्पनेसाठी आपण शुद्धता, पावित्र्य, ब्रह्मचर्य, कौमार्य, शील असे शब्द आलटून पालटून वापरतो आणि प्रत्येक शब्द आपापला इतिहास बरोबर घेऊन येतो. ब्रह्मचर्य म्हटले की संन्यासी डोळ्यांपुढे उभा राहतो, कौमार्य म्हटले की अविवाहित मुलगी, आणि पावित्र्य म्हटले की योनिशुचितेचा तो जुना, जाचक हिशेब. ख्रिस्ती शिकवणीतली शुद्धता यांपैकी कशातही पुरी बसत नाही. कॅथलिक चर्चने 1992 साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात ती बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाकडून अपेक्षिली आहे: विवाहित, अविवाहित, व्रतस्थ, प्रत्येकाकडून ज्याच्या त्याच्या अवस्थेप्रमाणे. नवराबायकोची शुद्धता म्हणजे एकमेकांशी एकनिष्ठ राहून केलेला संसार. शरीरसंबंध टाळणे हा तिचा अर्थ नाही. म्हणजे तीन मुलांची आई आणि मठातली धर्मभगिनी या दोघी या अर्थाने सारख्याच शुद्ध असू शकतात.

हा फरक किती खोल जातो, ते संत ऑगस्टीनच्या एका युक्तिवादावरून दिसते. इसवी सन 410 मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले. अनेक स्त्रियांवर बलात्कार झाले, त्यांत व्रतस्थ स्त्रियाही होत्या. मग प्रश्न निघाला: यांचे पावित्र्य गेले का? ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ऑगस्टीन त्याचे उत्तर देतो. शुद्धता हा मनाचा सद्गुण आहे. दुसऱ्याने शरीरावर केलेल्या बळजबरीने तो जाऊ शकत नाही. आणि या स्त्रियांनी स्वतःला संपवण्याचे काहीच कारण नाही. बलात्कारानंतर आत्महत्या केलेल्या ल्युक्रेशियाला रोमने आदर्श मानले होते. त्या आदर्शालाच तो विचारतो, ती निर्दोष होती तर शिक्षा कोणाला झाली? तिच्या मनाविषयी शंका घेताना त्याची भाषा कठोर होते आणि ते आजच्या वाचकाला खुपते, खुपायलाच हवे. पण मुख्य निर्णय पाहा. आपल्याकडे बलात्काराच्या बातमीत ‘अब्रू लुटली’ हा शब्दप्रयोग अजून सापडतो. अब्रू लुटता येते असे मानणारा समाज आणि शुद्धता कोणालाही लुटता येत नाही असे म्हणणारा ऑगस्टीन यांच्यात सोळाशे वर्षांचे अंतर आहे, आणि या एका बाबतीत पुढे ऑगस्टीन आहे. रूढ समजुतीला प्रश्न विचारल्याशिवाय त्याला हे म्हणताच आले नसते.

पौलाचे पत्र जवळून वाचताना

लैंगिक आचरणाविषयी ख्रिस्ती जगात फार वाचला गेलेला एक मजकूर म्हणजे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय. इसवी सन 54-55 च्या सुमारास प्रेषित पौलाने हे पत्र इफिस येथून लिहिले. करिंथ हे बंदराचे, पैशाचे आणि सरमिसळ वस्तीचे शहर. तिथल्या मंडळीने त्याला पत्राने काही प्रश्न विचारले होते, त्यांना तो उत्तर देतो आहे. उत्तर देतानाची त्याची पद्धत शब्दाशब्दाने पाहण्यासारखी आहे. दहाव्या वचनात, घटस्फोटाबद्दल, तो सांगतो की ही आज्ञा माझी नाही, प्रभूची आहे. दोनच वचनांनंतर, जोडीदार विश्वास ठेवणारा नसेल तर काय करावे हे सांगताना, तो उलट खुलासा करतो की हे मी सांगतो आहे, प्रभू नव्हे. पंचविसाव्या वचनात अविवाहितांविषयी तो म्हणतो की आपल्याजवळ प्रभूची आज्ञा नाही, आपण आपले मत देतो आहोत. अध्याय संपवतानाही तो आपल्या मताला मतच म्हणतो आणि आपल्यालाही देवाचा आत्मा आहे असे आपल्याला वाटते, एवढीच पुस्ती जोडतो. आज्ञा कुठे संपते आणि मत कुठे सुरू होते हे स्वतःच्याच लिखाणात इतक्या काळजीने दाखवणारा माणूस वाचकाला आंधळेपणाने मान डोलवायला सांगत नाही.

याच अध्यायातले पहिले वचन आणखी काही शिकवते. पुरुषाने स्त्रीला स्पर्श न करणे बरे, अशा अर्थाचे ते वाक्य शतकानुशतके पौलाचे स्वतःचे मत म्हणून वाचले गेले आणि त्यावर विवाहाला दुय्यम ठरवणारे इमले उभे राहिले. पण प्राचीन ग्रीक लिखाणात अवतरणचिन्हे नव्हती. आजचे अनेक अभ्यासक मानतात की ते वाक्य करिंथकरांच्या पत्रातले आहे. पौल ते उद्धृत करून पुढे त्याला मुरड घालतो. अलीकडच्या काही प्रमाण भाषांतरांत ते अवतरणचिन्हांत छापले जाते. एका चिन्हाने वाक्य कोणाचे हे बदलते, आणि त्याबरोबर शिकवणीचा कलही. लगेच पुढे चौथ्या वचनात पौल नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा अधिकार सांगतो, बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा सांगतो त्याच शब्दांत. पहिल्या शतकातल्या रोमन जगात या वचनाचा बायकोच्या शरीराविषयीचा अर्धा भाग कोणालाही पटला असता; नवऱ्याच्या शरीराविषयीचा अर्धा धक्कादायक होता. जी धर्मपीठे पुढे शतकानुशतके फक्त बायकोविषयीचाच अर्धा ऐकवत राहिली, त्यांनी पौल पुरता वाचला नाही.

वादातून घडलेली शिकवण

चौथ्या शतकाच्या मध्यावर आशिया मायनरमधल्या गँग्रा येथे एक धर्मसभा भरली. विवाहाची घृणा करणाऱ्या आणि विवाहितांना देवाच्या राज्यात जागा नाही असे सांगणाऱ्या अतिविरक्तांचा तिने निषेध केला. अविवाहित राहून विवाहितांना तुच्छ लेखणाऱ्यांचाही केला. त्याच शतकाच्या अखेरीस रोममध्ये जोव्हिनियन नावाच्या संन्याशाने दुसऱ्या टोकाचा प्रश्न उभा केला: बाप्तिस्मा झालेली विवाहित स्त्री आणि व्रतस्थ कुमारी यांच्या योग्यतेत फरक कसला? जोव्हिनियन दोषी ठरला. धर्मपंडित जेरोमने 393 च्या सुमारास त्याच्याविरुद्ध एवढे जहाल पुस्तक लिहिले, विवाहाला इतके खाली ओढले, की खुद्द जेरोमचा रोममधला मित्र पॅमाकियस याने त्याच्या प्रती बाजारातून काढून घेण्याचा प्रयत्न केला. मग 401 च्या सुमारास ऑगस्टीनने विवाहाच्या चांगुलपणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, कारण विवाहाची निंदा केल्याशिवाय जोव्हिनियनला उत्तर देता येत नाही अशी लोकांत कुजबुज होती. पुढे म्हातारपणी याच ऑगस्टीनने आपली एकूण एक पुस्तके पुन्हा वाचून कुठे काय चुकले, कुठे काय सुधारायला हवे, याचे एक वेगळे पुस्तकच लिहिले. ज्याच्या नावाने पुढच्या पिढ्यांनी लैंगिकतेविषयीचे दरवाजे बंद केले, त्याने स्वतः आपला दरवाजा असा उघडा ठेवला होता.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येईल. धर्मसुधारक लूथरने 1521 मध्ये मठवासी व्रतांवर कडाडून टीका केली आणि 1525 मध्ये मठ सोडून आलेल्या कॅथरिना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले. ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 मध्ये अविवाहित व्रताची थोरवी पुन्हा ठामपणे मांडली. 1930 साली अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने काही मर्यादांत संततिनियमनाला वाट दिली आणि त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला पोप अकराव्या पायसने ती वाट कॅथलिकांसाठी बंद केली. 1968 मध्ये पोप सहाव्या पॉल यांनी, त्यांच्याच आयोगातल्या बहुसंख्यांचा कौल बाजूला ठेवून, तोच निर्णय कायम केला. त्यावर चर्चच्या आत आजही मतभेद आहेत. या प्रत्येक टप्प्यावर कोण बरोबर होते हा वेगळा विषय आहे. मला दाखवायचे आहे ते एवढेच की ‘चर्चने नेहमी एकच सांगितले आणि कोणी प्रश्न विचारला नाही’ हे इतिहासाला धरून नाही.

वासनेने आंधळी होणारी बुद्धी

आता माझ्या म्हणण्याचा गाभा. शुद्धतेचा विचाराशी असलेला संबंध थॉमस अक्वायनसइतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी मांडला असेल. तेराव्या शतकातल्या आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात तो वासनेची आठ अपत्ये सांगतो. यादी जुनी, पोप थोरल्या ग्रेगरीकडून आलेली. त्या आठांतली चार बुद्धीशी निगडित आहेत: बुद्धीचे आंधळेपण, उतावीळपणा, अविचार आणि चंचलता. माणूस वासनेच्या आहारी जातो तेव्हा प्रथम समोरचा हेतू त्याला स्वच्छ दिसेनासा होतो, मग सल्ला न घेता तो धाव घेतो, मग तोलून पाहायचे सोडतो, आणि शेवटी स्वतः ठरवलेलेही त्याला टिकवता येत नाही. विवेकाला सर्वाधिक बिघडवणारी गोष्ट वासना आहे, असे त्याने याच ग्रंथात दुसरीकडे म्हटले आहे. याचा अर्थ सरळ आहे. शुद्धता हवी ती डोळे उघडे राहावेत म्हणून. समोरच्या माणसाकडे वस्तू म्हणून न पाहता माणूस म्हणून पाहता यावे, दिलेल्या शब्दाचे वजन कळावे, आपल्या कृत्याने कोणाचे काय होईल हे दिसावे, यासाठी. भोग हा वाईटच, असे अक्वायनस म्हणत नाही. उलट देहसुखाकडे पूर्ण पाठ फिरवणारी संवेदनशून्यता हा त्याच्या मते दुर्गुण आहे, आणि पतनापूर्वीच्या एदेन बागेत हे सुख आजच्याहून अधिकच असते असे तो लिहितो.

मग विचार बंद करून शिकवलेल्या शुद्धतेला काय म्हणायचे? जे आंधळेपण टाळण्यासाठी हा सद्गुण आहे, तेच आंधळेपण ती आधीच मुलाच्या हातात ठेवते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात ही जोडी लागोपाठच्या दोन वचनांत आहे. पहिल्यात शरीर देवाला अर्पण करण्याचे आवाहन आहे आणि त्या उपासनेसाठी पौलाने वापरलेले ग्रीक विशेषण ‘लोगोस’पासून, म्हणजे शब्द आणि बुद्धी यांच्या मुळापासून, आलेले आहे. दुसऱ्यात मनाचे नवीकरण करून, पारखून देवाची इच्छा ओळखण्याचे. आधी शरीर, लगेच पारख. आपल्या प्रवचनांत पहिले वचन वारंवार येते आणि दुसरे अनेकदा गळते.

अक्वायनसलाही हीच कसोटी लावली पाहिजे. लैंगिक पापांची उतरंड लावताना त्याने हस्तमैथुनासारख्या ‘निसर्गविरुद्ध’ कृत्यांना परस्त्रीगमनाच्या आणि बळजबरीच्या वर, अधिक गंभीर वर्गात ठेवले, कारण ती निसर्गाच्या रचनेविरुद्ध जातात असे त्याला वाटले. एका माणसाने दुसऱ्यावर केलेला अत्याचार जिथे खालच्या पायरीवर जातो, ती मांडणी चुकलेली आहे. ज्या बुद्धीला त्याने मान दिला त्याच बुद्धीने ती दुरुस्त करावी लागते.

विचार वगळला की काय उरते

विचाराशिवाय शुद्धता शिकवण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. 1993 साली नॅशव्हिलमध्ये सदर्न बाप्टिस्टांनी ‘ट्रू लव्ह वेट्स’ ही मोहीम सुरू केली. किशोरवयीन मुलामुलींनी लग्नापर्यंत शरीरसंबंध न ठेवण्याची शपथ घ्यायची, कार्डावर सही करायची, कित्येक ठिकाणी बोटात अंगठी घालायची. 1997 मध्ये जोशुआ हॅरिस या तरुणाचे प्रेमसंबंधांवरचे पुस्तक आले, लाखो घरांत गेले, आणि ते नियमावलीसारखे वाचले गेले. शपथेचा परिणाम काय झाला? पीटर बेअरमन आणि हॅना ब्रुकनर यांच्या 2001 च्या अभ्यासात काही परिस्थितींत शपथेमुळे पहिला शरीरसंबंध लांबला असे आढळले. हे नाकारू नये. पण शपथ मोडणाऱ्यांनी त्या वेळी गर्भनिरोधक वापरण्याची शक्यता कमी होती. जॅनेट रोझेनबॉम यांनी 2009 मध्ये, शपथ घेणाऱ्यांची तुलना त्यांच्याच सारख्या पार्श्वभूमीच्या आणि विचारांच्या पण शपथ न घेतलेल्या मुलांशी केली. पाच वर्षांनी दोघांच्या लैंगिक वागण्यात फरक उरला नव्हता. शपथ घेणाऱ्यांत गर्भनिरोधक आणि निरोध वापरण्याचे प्रमाण मात्र कमी होते. आणि शपथ घेतलेल्यांपैकी 82 टक्के तरुण, आपण अशी शपथ कधी घेतलीच नव्हती, असे सांगत होते. हॅरिसने 2018 मध्ये आपले पुस्तक मागे घेतले आणि पुढच्या वर्षी आपण आता ख्रिस्ती राहिलो नाही असे जाहीर केले.

82 टक्क्यांच्या त्या आकड्यापाशी मी थांबतो. पंधराव्या वर्षी सही केलेले कार्ड विसाव्या वर्षी आठवतही नाही, याचा अर्थ ते वचन त्या मुलाच्या बुद्धीतून गेलेच नव्हते. ते सभागृहातल्या उत्साहातून हातात आले होते. मुलांनी मोडली ती दुसऱ्याची शपथ होती.

याहून भीषण किंमत दुसरीकडे मोजली गेली. अमेरिकन कॅथलिक बिशपांनीच करवून घेतलेल्या 2004 च्या जॉन जे अहवालात, 1950 ते 2002 या काळात 4,392 धर्मगुरूंवर अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाल्याची नोंद आहे आणि आरोप करणाऱ्यांची संख्या 10,667. या मुलांना शुद्धता शिकवलेली होती. अधिकारी माणसाला ‘नाही’ म्हणायला, त्याच्या शब्दावर शंका घ्यायला मात्र कोणी शिकवले नव्हते. शरीराच्या अवयवांची नावे घेणेच पाप वाटेल अशा वातावरणात वाढलेल्या मुलाजवळ तक्रार करायला शब्दच नसतात. शुद्धता जपायची असेल तर त्या मुलाला आधी प्रश्न विचारता आला पाहिजे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप गंभीर आहे: वासना बुद्धीला आंधळी करते असे तुम्हीच म्हणता, मग त्याच बुद्धीवर भरवसा कसा ठेवायचा? मोहाच्या क्षणी माणूस विचार करत नाही, सबबी शोधतो. तेव्हा नियमच वाचवतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच विचार मोहाच्या क्षणाआधी व्हायला हवा. शांतपणे पारखून आपलासा केलेला नियम मोहाच्या वेळी धरून ठेवता येतो. नुसता पाठ केलेला नियम पहिल्या सबबीला बळी पडतो, कारण त्याच्या बाजूने बोलायला आत कोणीच नसते. सबब आणि विचार यांत फरकही करता येतो. सबब नेहमी आपल्याला हव्या त्या निष्कर्षाला पोहोचते. विचार कधीकधी नको तिथेही नेतो.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो: देवाच्या शब्दाची चिकित्सा करणारे आपण कोण? पण पौलाचे बोलणे खरे आहे का हे रोज शास्त्र उघडून तपासणाऱ्या बिरुयाच्या लोकांची ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात प्रशंसाच केली आहे. सर्व गोष्टी पारखून चांगले ते धरा, असे थेस्सलनीकाकरांना सांगितले आहे. आपल्याच मातीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्या आपल्या अँग्लिकन गुरुभगिनींशी त्रैक्याच्या सिद्धान्तावरून आणि सदसद्विवेकाच्या अधिकारावरून पत्रांतून वाद घालत राहिल्या. स्वतःला पटल्याशिवाय त्यांनी मान तुकवली नाही. याच बाईंनी पुढे केडगावला, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उघडले. ही दोन्ही कामे एकाच स्वभावातून आली असे मी मानतो. शिक्का कोणी मारला आणि का मारला हे विचारल्याशिवाय शिक्का मारलेल्या बाईला घरात घेता येत नाही.

तिसरा आक्षेप दुसऱ्या पक्षाचा: शुद्धतेची ही सारी भाषा मुळात पुरुषसत्तेची, वंश आणि मालमत्ता सांभाळण्यासाठी आहे. या आक्षेपात तथ्य आहे, आणि चर्चचा बराच इतिहास त्याला पुरावा पुरवतो. पण तो मुळावर लावताना नीट पाहावे. ऑगस्टसच्या काळचा, इसवी सनपूर्व 18 चा व्यभिचारविषयक रोमन कायदा प्रतिष्ठित स्त्रीची अब्रू सांभाळत होता. दासी आणि वेश्या मात्र पुरुषाला मोकळ्या होत्या, त्याला कोणी व्यभिचार म्हणत नसे. ख्रिस्ती उपदेशाने पुरुषाच्या या मोकळिकीलाच जारकर्म म्हटले. 428 साली सम्राट थिओडोशियस दुसरा याने बापांनी आपल्या मुलींना आणि मालकांनी दासींना वेश्याव्यवसायात ढकलण्याविरुद्ध कायदा केला. मालमत्ता सांभाळणारी नीती दासीच्या शरीराची फिकीर करत नाही. ज्या शिकवणीने ती केली, तिला निव्वळ मालमत्तेची राखणदार म्हणून निकालात काढणे म्हणजे पुरावा न वाचता निकाल देणे आहे.

वर्गात काय करावे

‘सुम्मा’मधल्या प्रत्येक प्रकरणाची सुरुवात विरोधी बाजूने होते. आधी आक्षेप, तेही शक्य तितक्या जोरकसपणे. मग स्वतःचे मत. मग एकेका आक्षेपाला उत्तर. शुद्धता हा सद्गुण आहे का, हा प्रश्न मांडतानाही अक्वायनसने हेच केले आहे. तिथला पहिलाच आक्षेप असा आहे की सद्गुण आत्म्याचा असतो आणि ही तर शरीराची गोष्ट, मग हिला सद्गुण कसे म्हणायचे? आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत आणि विवाहपूर्व शिबिरांत शिकवणाऱ्या धर्मगुरूंना, धर्मभगिनींना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: पुढच्या वेळी हा धडा आला की फळ्यावर आधी हा आक्षेप लिहा, खाली मुलांचे आणखी आक्षेप लिहिण्यापुरती जागा सोडा, आणि ती भरेपर्यंत उत्तर देऊ नका.